बंब पोलिसांकडे नको

मोठी आग लागली, माणसे गेली, की आठवड्याच्या आत एक सूचना हमखास पुढे येते. अग्निशमन दल महापालिकांच्या हातून काढून घ्या, पोलिसांसारखे एका कडक हुकमतीखाली आणा, आणि त्याचा खर्च ज्यांची गोदामे, कारखाने आणि टॉवर आहेत त्यांच्याकडून वसूल करा. सूचनेच्या पाठीशी इंग्रजी अमदानीची आठवण उभी केली जाते. गोरा अधिकारी, पितळी टोप, घंटा वाजवत धावणारा घोड्यांचा बंब. तेव्हा शिस्त होती, असे सांगतात. या सूचनेला माझा विरोध आहे, आणि त्याला आधार मी त्याच अमदानीतल्या मुंबईचा घेतो.

मुंबईत बंब पोलिसांकडेच होता. १८५५ च्या सुमारास घोड्यांचे बंब आले ते पोलिसांच्या ताब्यात, आणि पुढची तीसएक वर्षे पोलीस कमिशनरच आगीचाही अधिकारी होता. यातली बहुतेक वर्षे ही सर फ्रँक सूटरच्या कारकिर्दीची, म्हणजे कर्तबगार म्हणून नावाजलेल्या माणसाची. तरीही १ एप्रिल १८८७ रोजी दल पोलिसांकडून काढून म्युनिसिपालटीकडे दिले गेले. चोऱ्या, दंगे, मिरवणुका आणि बंदोबस्त ज्याच्या माथी आहे, त्याच्या कामांच्या यादीत आग खालीच राहणार. पोलिसी हुकमतीचा प्रयोग या शहराने एका पिढीएवढा काळ करून पाहिला आणि मोडला. तो पुन्हा करा म्हणणाऱ्यांनी तो का मोडला याचे उत्तर आधी द्यावे.

गोऱ्या साहेबाच्या शिस्तीचे म्हणाल, तर लंडन फायर ब्रिगेडमधला डब्ल्यू. निकोल्स मुंबईच्या दलाचा प्रमुख म्हणून १८९० मध्ये आला. तो येण्याआधी दोन गोष्टी तयार होत्या. एक पाणी, दुसरा कायदा.

पाण्याचे आधी पाहू. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटातल्या बाजारात आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळाला. दारूच्या कोठारापर्यंत ज्वाळा जाऊ नयेत म्हणून मधली घरे तोफा डागून पाडावी लागली. ज्या शहरात आगीवर सोडायला दाबाचे पाणी नाही, त्याच्या हाती तोफेवाचून दुसरे काय असणार? विहारचे पाणी १८६० मध्ये नळाने आले, तुळशीचे १८७९ मध्ये; तानसाचे तेवढे निकोल्स आल्यानंतर, १८९२ मध्ये. कवायत कितीही पक्की असो, नळात जितका दाब तितकीच बंबाची ताकद. हे नळ म्युनिसिपालटीचे होते. रस्ता किती रुंद असावा, घर किती उंच बांधावे, कोणत्या वखारीत काय साठवावे, हेही ठरवणार तीच. मग आग विझवणारी माणसे तिच्या बाहेर ठेवायची कशासाठी? आग लागण्यापूर्वीची सगळी सूत्रे एका हातात आणि लागल्यानंतरचा बंब दुसऱ्याच्या, अशी फाळणी करून कोणाचे भले होते ते मला आजवर कळलेले नाही.

आता कायदा. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यात पालिकेची कामे दोन वर्गांत विभागली आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित-मालमत्तेचे रक्षण करणे हे पहिल्या वर्गात आहे. पैसे उरले तर करू, असे म्हणायला पालिकेला जागाच ठेवलेली नाही. आगीच्या जागी दलाच्या अधिकाऱ्याला काय करता येईल तेही कायदा सांगतो. अडथळा करणाऱ्याला तो हटवू शकतो, रस्ता बंद करू शकतो, वाट काढण्यासाठी कोणाचेही घर फोडू किंवा पाडू शकतो, दुसरीकडचे नळ बंद करून आगीकडे दाब वाढवू शकतो. असे करताना झालेले नुकसान विम्याच्या दृष्टीने आगीचेच नुकसान धरायचे. या शेवटच्या तरतुदीचे मला फार मोल वाटते. शेजाऱ्याची भिंत पाडायचा हुकूम देताना फायरमनच्या मनात भरपाईची धास्ती राहू नये, याचा विचार कायदा लिहिणाऱ्यांनी केला होता.

हा कायदा काही आयता विलायतेहून उतरलेला नव्हता. मूळ विधेयकात सगळा कल सरकारी कमिशनरकडे होता. काशीनाथ त्र्यंबक तेलंग आणि फिरोजशहा मेहता यांनी कौन्सिलात झगडून निवडून आलेल्या सभेचे वजन त्यात वाढवले. म्हणून ‘साहेबाची देणगी’ हे वर्णन मला मान्य नाही. करदात्यांच्या पैशावर, नगरसभेच्या देखरेखीखाली उभे राहिलेले हे दल आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा. ज्याचा माल त्याने बंब पोसावा, हे ऐकायला न्यायाचे वाटते. कलकत्त्यात जवळपास तसेच होते. तिथे १८९३ च्या कायद्याने तागाच्या वगैरे वखारींना परवाने लावले, त्यांची फी बंबाच्या खर्चाला जोडली आणि दल पोलीस कमिशनरच्या हाताखाली ठेवले. धोक्याचा माल साठवणाऱ्याकडून फी घ्यायला माझी हरकत नाही, जरूर घ्यावी. पण दलाचे अस्तित्वच त्या फीवर टांगले की वखारवाला गिऱ्हाईक होतो आणि झोपडीवाला उपकारार्थी. लंडनने हा धडा आपल्याआधी घेतला होता. १८३३ पासून तिथले मुख्य दल विमा कंपन्यांचे होते. ते मालासाठी काढलेले. माणसे वाचवायच्या शिड्या वेगळ्याच संस्थेकडे असत. १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या वखारी पेटल्या, दलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड भिंतीखाली सापडून मेला, आणि एवढा बोजा आम्हाला पेलणार नाही असे कंपन्यांनी सरकारला कळवले. मग १८६५ चा कायदा होऊन दल सार्वजनिक झाले. आज आपल्याकडे सुधारणा म्हणून जे सुचवले जाते, ते लंडनने दीडशे वर्षांपूर्वी टाकून दिले आहे.

माझ्या विरुद्ध बाजूचा सर्वांत जड पुरावा १४ एप्रिल १९४४ चा. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि सोबत कापसाच्या गासड्या. बंब दुपारी सव्वादोनच्या सुमारास बोलावले गेले, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासात दुसरा. दलाचे ६६ जवान गेले. पालिकेचे दल इथे कमी पडले, असे कोणी म्हणेल. पण त्या दोन तासांत काय चालले होते ते पाहावे. जहाज कप्तानाचे, गोदी पोर्ट ट्रस्टची, माल लष्करी. स्फोटकांचा अधिकारी जहाज बुडवा म्हणत होता, गोदीचा व्यवस्थापक ते बाहेर न्या म्हणत होता, आणि बंब सोडून ते बाहेर नेणे दलाचा प्रमुख नॉर्मन कूम्ब्स याला पटत नव्हते. सर्वांना हुकूम देईल असा एकही माणूस धक्क्यावर नव्हता. १८८८ च्या कायद्याने अग्निशमन अधिकाऱ्याला शहरातली कोणाचीही भिंत पाडायचा अधिकार दिला होता. जहाज बुडवण्याचा निर्णय मात्र त्याच्या हाती नव्हता. ती ६६ माणसे पाण्याचे पाइप धरून जागेवर उभी राहिली. त्यांच्या मरणाचा दोष त्यांच्या दलावर ढकलणे मला अन्यायाचे वाटते. एकछत्री हुकमतीची गरज यातून दिसते, हे खरे. पण ती आगीच्या जागी आणि आग जाणणाऱ्याच्या हाती हवी. दल मंत्रालयातल्या कुठल्या खात्याला जोडून ती मिळणार नाही.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या विषयांत आहे, तिथून ती हलवू नये. दुखणे वेगळ्या ठिकाणी आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. तो देते परवानाधारक खाजगी संस्था, आणि तिला पैसे देतो इमारतीचा मालक किंवा रहिवासी. ज्याची तपासणी त्याचाच पैसा, ही विमा कंपन्यांच्या काळातलीच रीत झाली. हा दाखला दलाच्या अधिकाऱ्याने स्वतः जिना चढून, पंप चालवून, नळातला दाब पाहून, स्वतःच्या सहीने द्यावा. त्यासाठी लागणारी पदे पालिकेच्या सर्वसाधारण करातून भरावीत, आणि ती भरली नाहीत तर बंधनकारक कर्तव्य चुकवल्याचा जाब आयुक्तांना सभेत विचारला जावा.