आधी फाल्कन, मग मस्टँग

या आठवड्याच्या व्हिडिओत कूपे गाडीचा विषय मी एका मिनिटात उरकला, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

कूपे म्हणजे सहसा दोन दरवाजे, मागे उतरत जाणारं छप्पर आणि मागची सीट बहुतेकदा नावालाच. शब्द फ्रेंच आहे, अर्थ 'कापलेली'. जुन्या घोडागाडीतली समोरासमोरच्या दोनपैकी एक बैठक कापून टाकली की झाली कूपे. (रेल्वेच्या फर्स्ट क्लासमधला दोन बर्थचा कूपे, तोच हा शब्द.) म्हणजे जागा कमी, तरी लोक हौसेने घेतात. इथेच आपली मंडळी फसतात. 'सर, काहीतरी हटके, प्रीमियम करायचंय, लोन काढतोय' असे मेसेज मला सारखे येतात.

जरा थांबा. अमेरिकेत फोर्डने 17 एप्रिल 1964 ला मस्टँग आणली. लांब बॉनेट, आखूड डिकी, किंमत 2,368 डॉलरपासून. मोठं व्ही-एट इंजिन हवं तर पैसे वेगळे. पहिल्या वर्षभरात चार लाखांहून जास्त गाड्या खपल्या. सगळे तिच्या दिसण्याबद्दल बोलतात. मला विचाराल तर खरी कमाल आत होती. आतलं बरंच सामान फोर्डच्याच फाल्कन या साध्या, घरगुती गाडीचं होतं, आणि फाल्कन काही वर्षं आधीपासून रस्त्यावर होती. नवा होता तो मुख्यतः कट.

ज्याच्याकडे रोज खपणारी फाल्कनच नाही, त्याने मस्टँगसाठी लोन काढू नये. राग आला तरी चालेल, माझं मत हेच आहे.

कारण मी ते करून बसलोय. माझं बॅगांचं दुकान. 2018 ला स्लिम ऑफिस बॅग काढली. कापड नवं, चेन नवी, शिवणारासुद्धा नवा. 200 पीस शिवले, त्यातले दीडशे माळ्यावर पडले. त्यासाठी बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या होत्या. त्या सोडवायला दोन वर्षं लागली, आणि आमच्या घरात तो विषय अजून हसत काढता येत नाही.

दुसऱ्यांदा स्कूलबॅगचंच कापड घेतलं, तीच चेन, आमचा नेहमीचा शिवणारा. फक्त पॅटर्न बदलला आणि एक कप्पा कमी केला. 30 पीस केले. नसते खपले, तर उरलेलं कापड जूनच्या सीझनला स्कूलबॅगमध्ये गेलंच असतं. पण ते कापड उरलंच नाही, आणखी मागवावं लागलं.