हार नकोत, समिती दाखवा!



मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले १८६२ साली. तिथे न्यायमूर्ती म्हणून पहिली स्त्री बसली ती १९७८ साली. मधल्या ११६ वर्षांत कायदा जाणणाऱ्या बायका नव्हत्या का? होत्या! नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ सालीच ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा यायला १९२३ साल उजाडले, आणि न्यायमूर्तिपद त्याहूनही कितीतरी लांब राहिले.

१९७८ साली ते पद मिळवणाऱ्या सुजाता मनोहर १९५८ पासून याच न्यायालयात वकिली करत होत्या. १९९४च्या जानेवारीत त्या इथल्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या, पुढे केरळच्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथे त्यांच्याआधी एकच स्त्री न्यायमूर्ती होऊन गेली होती, फातिमा बीवी.

महिला दिन आला की अशा नावांचे फलक लागतात, भाषणे होतात. आमचे म्हणणे आहे, फलक उतरवा आणि सुजाता मनोहर ज्या पीठावर होत्या त्याने दिलेला निकाल पाळा.

१९९२ साली राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवी या सरकारी कार्यक्रमातल्या ‘साथीन’, म्हणजे गावातल्या कार्यकर्त्या, बालविवाह रोखायला गेल्या. सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम सरकारचे, पण जबाबदारी घ्यायला कुणी पुढे आले नाही. १९९५ साली खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मोकळे केले. महिला संघटना त्याआधीच, १९९२ साली, सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. हाच तो ‘विशाखा’ खटला. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, सुजाता मनोहर आणि बी. एन. किरपाल यांच्या पीठाने बजावले की कामाच्या जागी बाईची अब्रू सांभाळणे ही मालकाची जबाबदारी आहे. प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती हवी, अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात आणि संस्थेबाहेरची एक व्यक्ती हवी.

संसदेने याचा कायदा करायला २०१३ साल उजाडले. सोळा वर्षे! आणि आज?

कितीतरी कचेऱ्यांत नोटीस बोर्डाच्या कोपऱ्यात समितीच्या यादीचा एक पिवळा पडलेला कागद असतो. त्यावरच्या अध्यक्षबाई कधीच्या निवृत्त झालेल्या, फोन लावला तर लागत नाही, बाहेरच्या सदस्याचे नाव कुणी ऐकलेले नाही. आणि साहेब छातीठोकपणे सांगतात, “आमच्याकडे एकही तक्रार नाही.” तक्रार घ्यायला माणूसच नाही, तर ती येणार कुठून?

म्हणून आमच्या मागण्या:

१. जिथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात, तिथे अंतर्गत समिती नेमा. तिची चालू यादी सगळ्यांना दिसेल अशी लावा. समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तो खरोखर वसूल करा.

२. घरकामगार आणि दहाहून कमी माणसांच्या दुकानांत, कारखान्यांत राबणाऱ्या बायका यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिचा पत्ता बसस्टँडवर, बाजारात, ग्रामपंचायतीत मराठीत लावा.

३. तक्रारीची मुदत तीन महिने आणि चौकशीची ९० दिवस, हे प्रत्येक कामगाराला कामावर घेतानाच सांगा.

“बायका कायद्याचा गैरवापर करतात,” अशी ओरड होते. चौकशीत दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत, आणि जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कारवाईची तरतूदही याच कायद्यात आहे. मग समितीला भिता कशाला?

उद्या कामावर गेलात की नोटीस बोर्ड बघा. यादी नसेल तर लेखी विचारा आणि पोच घ्या. एकटीला धास्ती वाटत असेल तर चौघी मिळून जा. आणि बंधूंनो, त्या अर्जावर तुमचीही सही हवी!