प्रेक्षकाच्या हातचा फलक

सामना पाहणें आणि सामन्यांत मनानें सहभागी होणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलीस केवळ डोळे पुरतात. दुसरीस थोडे श्रम आणि थोडें प्रेम लागतें. पिंपरीच्या नेहरूनगरांत मेजर ध्यानचंद ह्यांच्या नांवाचें हॉकीचें मैदान आहे. तेथें डिसेंबर २०२१ मध्यें पुरुषांची व मार्च २०२४ मध्यें महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून खेळाडू आपल्या दाराशीं आले. आपल्यापैकीं किती जण तेथें गेले, आणि गेलेल्यांपैकीं किती जणांस एका तरी खेळाडूचें नांव ठाऊक होतें, हा प्रश्न आम्हीं प्रथम स्वतःस विचारला व मगच लेखणी हातीं घेतली.

आमचें म्हणणें साधें आहे. हॉकीच्या सामन्यास जातांना प्रत्येक विद्यार्थ्यानें घरीं केलेला एक फलक बरोबर न्यावा आणि त्यावर एखाद्या खेळाडूचें नांव लिहावें.

कोणी म्हणेल, हें परदेशी खूळ आहे. कॅनडा व अमेरिका ह्या देशांत बर्फावरील हॉकीचे खेळाडू सामन्यापूर्वीं सराव करीत असतां लहान मुलें मैदानाभोंवतालच्या कांचेशीं रंगविलेले पुठ्ठे धरून उभीं राहतात, हें खरें. परंतु आपली निष्ठा उघडपणें हातीं धरण्याची रीत आम्हांस परदेशानें शिकविली नाहीं. देहू आणि आळंदी आमच्या शेजारींच आहेत. तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्कामास येते, तेव्हां वारकऱ्याच्या खांद्यावर पताका असते. ती त्यास कोणीं जाहिरातीसाठीं दिलेली नसते. ती त्याची स्वतःची असते, म्हणूनच तिला मोल आहे.

हाच भेद मैदानावरही आहे. धंदेवाईक सामन्यांत प्रायोजकाच्या नांवाचे छापील फलक फुकट वांटले जातात. ते हालविण्यास कांहींच लागत नाहीं, आणि सामना संपतांच ते पायांखालीं पडलेले दिसतात. घरीं केलेल्या फलकाचें तसें नाहीं. त्यावर नांव लिहावयाचें, तर तें आधीं माहीत करून घ्यावें लागतें. शुद्ध लिहावयाचें, तर विचारावें लागतें. विचारतां विचारतां त्या खेळाडूचें गांव, त्याची मेहनत, त्याच्या घरची स्थिति हीं सर्व कळूं लागतात. फलक तयार होईपर्यंत परका खेळाडू आपला झालेला असतो.

संघांचें कांहीं खरें नसतें. २०१२ सालच्या जागतिक हॉकी मालिकेंत पुणें व मुंबई ह्या दोन्ही नगरांचे संघ होते, आणि पुण्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला. परंतु त्या मालिकेचें दुसरें वर्ष उजाडलेंच नाहीं. हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर बंद पडली, आणि डिसेंबर २०२४ मध्यें ती पुन्हां सुरू झाली तेव्हां तींत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. म्हणून आम्ही म्हणतों, फलकावर खेळाडूचें नांव असावें. येथून जवळच खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतींत धनराज पिल्ले वाढले. मोडक्या काठ्यांनीं खेळ शिकलेला हा मुलगा चार ऑलिंपिक व चार विश्वचषक स्पर्धा खेळला. सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यांतून वैष्णवी फाळके पुढें आल्या व देशाकडून खेळल्या. अशांचीं नांवें आमच्या मुलांच्या हातांत कां नसावींत?

फलक करण्याची विद्या तर ह्या परिसरास घरचीच आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण येथील पुष्कळ विद्यार्थ्यांचे वडील, आणि कित्येकांच्या आईही, कारखान्यांत जातात. यंत्रापाशीं लावलेली सुरक्षिततेची पाटी कशी असते, तें त्यांस विचारावें. शब्द थोडे, अक्षर ठळक, अर्थ एकच. हॉकीचें मैदान सुमारें ९१ मीटर लांब व ५५ मीटर रुंद असतें. पलीकडच्या खेळाडूस वाचतां यावें, इतकें अक्षर मोठें हवें. खोक्याचा जुना पुठ्ठा, चुन्याचा हात आणि काळा रंग एवढें पुरे. त्यास टोंकदार काठी लावूं नये. खेळ चालू असतां फलक मांडीवर ठेवावा. गोल झाला असतां, किंवा पंधरा मिनिटांच्या सत्रानंतर विश्रांति असते तेव्हां, तो उंच धरावा. मागें बसलेल्या मनुष्यानेंही सामना पाहण्यासाठींच वेळ काढलेला असतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जो हात स्तुति लिहितो, तोच हात निंदाही लिहूं शकतो. टोकियो ऑलिंपिकमध्यें ३१ जुलै २०२१ रोजीं वंदना कटारिया ह्यांनीं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्यें असा पराक्रम करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. चारच दिवसांनीं उपांत्य सामन्यांत भारत हरला, आणि हरिद्वारजवळील त्यांच्या घरासमोर फटाके उडवून कुटुंबास जातीवरून अपशब्द बोलले गेल्याची तक्रार नोंदली गेली. अशा लोकांस खेळाडूचें केवळ नांव ठाऊक असतें. त्या नांवामागचा मनुष्य त्यांनीं कधीं ओळखलेला नसतो. आमच्या मुलांच्या फलकावर प्रतिपक्षाची कुचेष्टा नसावी, पंचांची निर्भर्त्सना नसावी, आणि कोणाच्या जातीचा, धर्माचा वा प्रांताचा उल्लेख तर मुळींच नसावा.

पालकवर्गास आमची विनंति आहे कीं, पुढील स्पर्धेच्या आदल्या सायंकाळीं मुलांबरोबर घटकाभर बसावें. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमचा संघ हरला तरी फलक खालीं टाकूं नका. जिंकलेल्याचें नांव सारेच घेतात. हरून मैदानाबाहेर पडणाऱ्या खेळाडूस आपलें नांव कोणाच्या तरी हातांत दिसावें, ह्याचसाठीं तर तो फलक केला होता.