राशन वाटून गाळा उघडत नाही

संकट आले की आपला समाज धावून जातो, हे कोणीही नाकारणार नाही. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबई सोडून मुंब्र्यात आलेल्या कुटुंबांना आधार दिला तो आपल्याच माणसांनी. 26 जुलै 2005 च्या पुरात आणि 2020 च्या टाळेबंदीत घरोघर राशन पोहोचवले तेही मोहल्ल्यातील तरुणांनीच. परंतु राशन महिनाभर पुरते. बंद पडलेला गाळा त्याने उघडत नाही.

वागळे इस्टेटचेच उदाहरण घेऊ. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच्या कामाचा श्रीगणेशा याच वसाहतीतून झाला. पुढे मोठे कारखाने एकेक करून बंद झाले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. तरीही लेथ, वेल्डिंग, फॅब्रिकेशन, पावडर कोटिंगची छोटी कामे टिकून राहिली. हाजुरी, राबोडी, मुंब्रा येथील कितीतरी कारागिरांची चूल या कामांवर पेटते.

मार्च 2020 मध्ये ही कामे एका रात्रीत थांबली. काम थांबले, पण गाळ्याचे भाडे थांबले नाही. मे महिन्यात केंद्र सरकारने छोट्या उद्योगांसाठी 3 लाख कोटी रुपयांची विनातारण कर्ज योजना जाहीर केली. अट अशी होती की, 29 फेब्रुवारी 2020 रोजी त्या उद्योगाच्या नावे बँकेचे कर्ज चालू असले पाहिजे. म्हणजे ज्याचे नाव बँकेच्या वहीतच नव्हते, तो दारातच अडला. आपले बहुसंख्य कारागीर याच रांगेत होते.

कोणी म्हणेल, आम्ही व्याजामुळे बँकेपासून दूर राहतो. ही श्रद्धेची बाब आहे आणि आम्हाला तिचा आदर आहे. परंतु चालू खात्यावर बँक व्याज देत नाही. उद्यम नोंदणीत व्याजाचा संबंध नाही आणि तिला एक पैसाही लागत नाही. पक्के बिल फाडायला कोणत्या आलिमाने मनाई केली आहे? खरे सांगायचे तर, व्याजाचे नाव पुढे करून आपण आपला आळस झाकतो.

या आळसाची किंमत संकट नसतानाही मोजावी लागते. जॉबवर्क करून दिले, पार्टी सहा-सहा महिने पैसे देत नाही, ही तक्रार आम्ही प्रत्येक गाळ्यात ऐकतो. वास्तविक 2006 च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे बंधनकारक आहे. न दिल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. कायद्याने मिळणाऱ्या व्याजाचे काय करायचे ते ज्याने त्याने ठरवावे, मुद्दल तर आपल्या घामाचे आहे! पण दाद मागायला नोंदणी हवी, चलन हवे, माल पोहोचल्याची सही हवी. तोंडी व्यवहाराला कोण विचारतो? आग लागो, पूर येवो की दंगल होवो, पंचनाम्याच्या वेळीही हेच घडते. ज्याचा कागद नाही, त्याचे नुकसानही नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मोहल्ल्यात राशनची यादी करणारे तरुण आहेतच. त्यांनीच आता जुम्म्याच्या नमाजानंतर तासभर बसून कारागिरांची उद्यम नोंदणी करून द्यावी. एखाद्या हिशेबनीसाने महिन्यातून एक दिवस बिलबुक आणि खातेवही तपासून द्यावी. यंत्रांची बिले व गाळ्याचा करारनामा यांची एक प्रत गाळ्याबाहेर, घरी ठेवावी. ठाण्यातील लघुउद्योजकांची संघटना टिसा वागळे इस्टेटमध्येच आहे. तिच्या दारापर्यंत जायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

पुढचे संकट कधी येईल, हे आपल्या हातात नाही. ते आल्यावर आपला कारागीर राशनच्या रांगेत उभा असेल की हक्काच्या, हे मात्र आज ठरवता येईल.