उताराला उलटं!

माझे आणि यंत्रांचे फारसे सख्य नाही. मिक्सरचे भांडे बसवायला मी पुढे सरसावलो, की "अहो, राहू द्या तुम्ही," असे म्हणून सौभाग्यवती मला अदबीने बाजूला करतात. तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेल्या मराठीच्या या प्राध्यापकाने २०२४ च्या मे महिन्यात चक्क एक जुना पॉवर टिलर विकत घेतला, ही बातमी कॉलेजात पोहोचल्यावर काय हशा पिकला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. "आता नांगरणीवर खंडकाव्य लिहिणार की काय?" असे आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी विचारलेसुद्धा!

पण हा खटाटोप मी हौसेखातर केला नव्हता. संगमेश्वर तालुक्यात आमची वडिलोपार्जित भाताची खाचरे आहेत. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेली. माझे थोरले बंधू, आमचे दादा, ती सांभाळतात. त्यांच्या जोडीतला एक बैल २०२३ चा पावसाळा संपता संपता गेला. जोडीला साजेसा दुसरा मिळेना, मिळाला तर परवडेना. आणि गड्याचा मुलगा तर केव्हाच मुंबईला नोकरीला लागलेला. शिमग्याला गावी गेलो, तेव्हा दादा अंगणात सुपारी कातरता कातरता म्हणाले, "यंदा खालची चार खाचरं तेवढी पडीक टाकतो रे." ते 'तेवढी' त्यांनी ज्या आवाजात म्हटले, त्याने मला रात्रभर झोप आली नाही. एकदा पडीक पडलेले खाचर पुन्हा हिरवे झालेले आमच्या वाडीत तरी मी पाहिलेले नाही.

टिलरचे नाव काढताच दादा म्हणाले, "यंत्र शेण देत नाही." या एका वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर नसले की आम्ही प्राध्यापक मंडळी इतिहासाकडे धावतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, असे शेतकरी म्हणत. १९१० मध्ये त्यांनी माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि १९२० मध्ये त्याच वाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. म्हणजे नांगर आणि मासिक ही भावंडेच की! हे सगळे मी दादांना रंगवून सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "मासिक तू वाच. टिलर आण, बघू."

नवा घेण्याइतकी ऐपत नव्हती, म्हणून जुना पाहायचे ठरले. तालुक्याच्या गावचे एक मिस्त्री बरोबर घेतले. त्यांनी विकणाऱ्याला आदल्या दिवशीच निरोप धाडला होता, "आम्ही येईस्तोवर मशीन चालू करू नका." गेल्याबरोबर त्यांनी इंजिनावर हात ठेवला, वैद्याने नाडीवर ठेवावा तसा. ते गार होते. "तापलेलं इंजिन कुणाच्याही हातानं सुरू होतं, सर. दुखणं कळतं ते गार असतानाच," ते म्हणाले. मग ऑईलची पट्टी काढून पाहिली. ऑईल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले असे समजावे. इंजिन सुरू झाल्यावर धूर पाहिला. धूर निळसर येत राहिला, तर इंजिन ऑईल खाते आहे. काळा आला, तर हवेची जाळी तुंबली असेल किंवा इंजिनावर ओझे फार पडत असेल. शेवटी इंजिनावरचा नंबर बिलाशी ताडून पाहिला आणि आधीच्या मालकाचे कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला मागितला. जुन्या पोथीचा लेखक, लेखनकाल आणि पाठभेद तपासण्याची जी शिस्त आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, तीच ही!

घरी आणल्यावर मिस्त्रींनी पहिला धडा दिला तो असा: "आधीच्या मालकानं ऑईल कधी बदललं, हे विचारत बसू नका. आजच बदला." त्याप्रमाणे इंजिनाचे ऑईल, गिअरचे ऑईल आणि डिझेलचा फिल्टर असे सगळे बदलले. इंजिनाची ताकद पुढे पोचवणारे पट्टे फाटायला आले होते. एकच पट्टा बदलून भागवावे, असा माझा मध्यमवर्गीय विचार. पण नव्या-जुन्या पट्ट्यांवर ताण सारखा येत नाही, म्हणून ते सगळे एकदम बदलावे लागतात. हवेच्या जाळीखालच्या वाटीत ऑईल असते. ते खुणेइतकेच घालायचे, जास्त घातले तर इंजिन ते ओढून घेते. मातीत फिरणारी पाती डावी आणि उजवी अशी वेगवेगळी असतात, हेही मला तेव्हाच कळले. आमच्या आधीच्या मालकाने त्यातली दोन चुकीच्या बाजूला बसवली होती!

हँडल मारून इंजिन सुरू करणे ही तर एक विद्याच आहे. एका हाताने छोटा खटका उचलून धरायचा, म्हणजे आतला दाब सुटतो. दुसऱ्या हाताने हँडल फिरवत वेग आणायचा आणि मग खटका सोडून द्यायचा. त्या वेळी अंगठा मात्र बोटांच्याच बाजूला ठेवायचा. मूठ वळून धरली आणि हँडलने उलटा झटका दिला, तर अंगठा मोडतो. मी चार दिवस घाम गाळला. पाचव्या दिवशी इंजिन धडधडू लागले, तेव्हा एम.ए.चा निकाल लागला त्या दिवशीइतका आनंद झाला. सहाव्या दिवशी भर कामात डिझेल संपले. वरून डिझेल ओतले तरी ते हलेना. "नळीत एअर धरली," म्हणत मिस्त्री आले आणि पंपाजवळचा स्क्रू ढिला करून बुडबुडे जाईतो डिझेल वाहू दिले. दादा बांधावरून म्हणाले, "बैलाला वैरण द्यायला विसरलास होय?"

जुलैत चिखलणी सुरू झाली. दादांनी आणि मी आळीपाळीने एकेक खाचर उरकले. माझा आत्मविश्वास आता अंमळ वाढला होता, आणि घात झाला तो तिथेच.

टिलरच्या दोन्ही मुठींखाली एकेक खटका असतो. डावा दाबला, की डाव्या चाकाची ताकद तुटते, उजवे चाक रेटत राहते आणि टिलर डावीकडे वळतो. मिस्त्रींनी बजावले होते, "हे सपाटीला. उताराला उलटं! उतारावर खटक्याला हातच लावू नका. पहिला गिअर टाका, हळू चला आणि मुठी रेटून वळवा." मी मान डोलावली. गेली २० वर्षे मी वर्गात विरोधाभास अलंकार शिकवतो आहे. वरवर विरोध दिसतो, वस्तुतः तो नसतो. मिस्त्रींचे बोलणे मी त्यातच जमा केले.

त्या संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. वरची खाचरे आटोपून मी टिलर पाणंदीने खाली आणत होतो. डाव्या हाताला जांभ्याचा गडगा, उजव्या हाताला पुरुषभर खाली दुसरे खाचर, आणि त्या उजव्या कडेने माझ्यापुढे चालणारे दादा. कडेपासून दूर जावे, म्हणून मी डावा खटका दाबला. टिलर उजवीकडे वळला. मी खटका आणखी जोरात दाबला. तो आणखी उजवीकडे, दादांच्या रोखाने! दादांनी वळून पाहिले, "सोड!" म्हणून ओरडले आणि खालच्या खाचरात उडी घेतली. मी खटका सोडला. टिलर सरळ झाला, पुढच्या दगडावर चाक आपटले आणि इंजिन बंद पडले.

कारण अगदी साधे होते. उतारावर यंत्र स्वतःच्या वजनानेच खाली धावते आणि गिअरमधले इंजिन उलट त्याला आवरून धरते. ज्या चाकाचा खटका दाबाल ते मोकळे सुटून पुढे पळते, दुसरे अडून राहते, आणि यंत्र विरुद्ध दिशेला फिरते. यात आभास कसला, विरोध खराच होता!

दादांचा पाय घोट्यात मुरगळला होता. मी त्यांना चिखलातून वर काढले, तेव्हा माझे हात कापत होते. ते रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "बैल असता तर थांबला असता."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. बैल माणसाच्या मनातले ओळखतो; यंत्राला फक्त हात कळतो. हात चुकला, तर समोर कोण आहे, हे ते पाहत नाही. जुने यंत्र घेणाऱ्याला सगळे जण ऑईल आणि पट्ट्यांची चौकशी करायला सांगतात, आणि ती करावीच. पण यंत्राची दुरुस्ती महिन्याभरात होते. आपल्या हाताला वळण लागायला त्याहून अधिक दिवस द्यावे लागतात. मी ते दिले नव्हते, आणि त्याची किंमत दुसऱ्यानेच मोजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींना बोलावले. पाणंदीत दुसऱ्या कुणालाही उभे राहू न देता त्यांच्या देखत १५ वेळा टिलर खाली आणला, खटक्याला बोट न लावता. पाय शेकत ओटीवर बसलेले दादा ते सगळे पाहत होते. सोळाव्या खेपेला वहिनींना म्हणाले, "आता येईल त्याला." खालची चारही खाचरे मी चिखलली आणि लावणी वेळेवर झाली. पावसाळा सरल्यावर टिलर धुऊन, टाकी डिझेलने काठोकाठ भरून तो गोठ्यात उभा केला. अर्धी टाकी रिकामी ठेवली, तर आत ओल धरते. उरलेला बैल दादांनी विकला नाही. तो टिलरशेजारीच बांधलेला असतो, आणि शेणाचा प्रश्न त्याने आपल्यापुरता सोडवला आहे.

त्या दिवाळीत गावाहून नव्या भाताचे पोहे आले. नरकचतुर्दशीला ते खाताना सौभाग्यवतींनी विचारले, "कुठल्या खाचराचे हो?" मी फोन करून दादांना विचारले. ते म्हणाले, "खालच्या."

मग जरा थांबून त्यांनी आणखी एक बातमी दिली. खंडेनवमीला टिलरला हळदकुंकू वाहायच्या आधी त्यांनी मुठीजवळच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने दोन शब्द लिहिले होते. पुढे गावी गेलो तेव्हा ते पाहिले. अक्षर वाकडे होते, पण व्याकरण निर्दोष: उताराला उलटं.