यंत्र बदला, पण अक्षरे सांभाळा

दिवाळीची साफसफाई काढली की माळ्यावरचे डबे खाली येतात. कोणता ठेवायचा, कोणता मोडीत द्यायचा, हे आपण झाकण उघडून पाहिल्यावरच ठरवतो. पण घरातला संगणक मोडीत काढायचा म्हटले, की आत काय आहे हे न बघताच आपण मान डोलावतो!

ही वेळ सध्या पुष्कळ घरांवर आली आहे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ची नेहमीची विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ घ्यावे, तर त्याला टीपीएम २.० नावाची सोय आणि नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे साधारण २०१८ पूर्वीची पुष्कळ धडधाकट यंत्रे नापास ठरली. सीताबर्डीतल्या एका दुकानदाराने मला निकालच सुनावला, "नाही चालत जी मॅडम हे आता. नवीनच घेऊन टाका. जुन्यातलं सारं फॉरमॅट मारून देतो."

फॉरमॅट मारणे म्हणजे पाटी पुसणे. त्या पाटीवर माझ्या नऊ वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या. शिवाय सासूबाईंनी एकेक सांगितलेल्या आणि मी टाइप केलेल्या गोळाभात, वडाभाताच्या कृती. त्या कृती पुन्हा विचारायला सासूबाई आता नाहीत. मी यंत्र उचलून घरी आणले.

मैत्रिणींनो, फाइल पेनड्राइव्हवर घेतली म्हणजे सुटलो असे समजू नका. आपले जुने मराठी टायपिंग बहुधा कृतिदेवसारख्या फॉन्टात असते. त्यात यंत्र मराठी अक्षर साठवतच नाही. इंग्रजी अक्षर साठवते आणि त्याला मराठी मुखवटा चढवते. 'मराठी' या शब्दाच्या जागी आत 'ई, जे, के, बी, एच' असते. नव्या यंत्रात तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि गोळाभाताचा होतो इंग्रजी काला!

यावर उपाय युनिकोडचा. त्यात देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे, म्हणून ते लेखन विंडोज, लिनक्स, मोबाइल कुठेही वाचता येते. जुने यंत्र चालू आहे तोवरच फॉन्ट-परिवर्तकातून फाइली युनिकोडमध्ये करून घ्या. मग जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घाला, तिथेच घोळ होतो. सोबत प्रत्येक कृतीची एक छापील प्रत काढून ठेवा.

एवढे झाले की मग यंत्राचे बघा. घाईने पैसे घालू नका. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा जाहीर झाली होती. दुसरी वाट लिनक्सची. ते विनामूल्य असते आणि जुन्या यंत्रावरही बहुधा चालते. उबुंटू किंवा मिंट पेनड्राइव्हवरून आधी नुसते चालवून पाहता येते, आतले काही पुसले जात नाही. प्रिंटर, मुलांचा अभ्यास, यजमानांचे बँकेचे काम, सगळे जमते का ते पाहा. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकून घेतलात तर विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे बोटे तशीच चालतील.

विंडोज ११ घेतलेच, तर स्टार्टचे बटण मधोमध दिसेल. टास्कबारच्या सेटिंगमधून ते पुन्हा डावीकडे नेता येते. गुण भरताना यंत्र मध्येच बंद होऊन चालू होऊ नये, म्हणून 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स'मध्ये आपल्या कामाची वेळ घाला. आणि बरं का, वीज जाण्याच्या दिवसांत अपडेट लावून स्वयंपाकाला जाऊ नका. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असू द्या.

नवे यंत्र कधीही विकत मिळते. आपण लिहिलेले मात्र बाजारात मिळत नाही. तेव्हा या आठवड्यात एक दुपार काढा आणि आधी तेवढे जपून ठेवा.