उडीआधीचे प्रश्न

मागच्या महिन्यात एका सकाळी सांगलीहून धाकट्या बहिणीचा दूरध्वनी आला. नेहमीची विचारपूस झाली नाही. "दादा, तू एवढा साहेब आहेस, बंगळुरात त्याच्याजवळ आहेस. तो विमानातून उडी मारायची म्हणतोय. तू सांगितलंस तर ऐकेल." तो म्हणजे माझा भाचा. वय २७, येथे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, आणि मेहुणे गेल्यापासून त्या घराच्या कर्जाचा हप्ता भरणारा एकटाच.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाविषयी नातेवाइकांचा एक गोड गैरसमज असतो. त्याने नाही म्हटले की गोष्ट थांबते, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात आमच्या नाही म्हणण्याने सहसा एवढेच होते की ती गोष्ट आमच्या सहीवाचून होते. असो. त्याच संध्याकाळी मी भाच्याला घरी जेवायला बोलावले.

तो तयारीनिशी आला होता. कार्यालयातील चौघे मित्र मिळून जाणार होते. एक पर्याय देशातला, एक परदेशातला. बंगळूर हे विमानांचे शहर. हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना येथे १९४० साली उभा राहिला, जक्कूरला सरकारी वैमानिक प्रशिक्षण शाळा आहे, आणि १९९६ पासून यलहंकाला एअरो इंडिया भरते. येथे राहणाऱ्या तरुणाला आकाशाचे वेड लागले तर नवल नाही. परंतु येथील आकाशात आता एवढी गर्दी आहे की या खेळासाठी गावाबाहेरच जावे लागते. म्हैसूरला चामुंडी टेकडीच्या परिसरात शिबिरे होत असत. अलीकडे हौशी मंडळी हरियाणात नारनौलजवळच्या धावपट्टीपर्यंत जातात, किंवा सरळ थायलंड, दुबई गाठतात.

त्याचा पहिला युक्तिवाद आकड्यांचा होता, आणि तो कच्चा नव्हता. अमेरिकेतील पॅराशूट संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०२३ साली तेथे सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० माणसे दगावली. प्रशिक्षकाच्या छातीशी बांधून घेतलेल्या उडीत, जिला टँडम म्हणतात, दशकभराची सरासरी पाच लाख उड्यांमागे एक मृत्यू अशी सांगितली जाते. उलट भारतातील रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे मेली. "मामा, मी रोज आउटर रिंग रोडवरून दुचाकीने जातो. त्याबद्दल आई कधी फोन करते का?"

प्रश्न बिनतोड होता. पण मी त्याला एक गोष्ट विचारली. हे आकडे कोठले? अमेरिकेतले. त्याच संघटनेच्या नोंदीत २०२२ साली २० मृत्यू होते, म्हणजे पुढच्या वर्षी निम्मे झाले. इतक्या लहान आकड्यांत एका वर्षावरून फार काही ठरत नाही. परंतु तेथे प्रत्येक अपघात मोजला जातो, त्याचे कारण लिहिले जाते, ते सर्व सभासदांना वाचायला मिळते, आणि किती उड्या झाल्या हा भाजकही ठाऊक असतो. आपल्याकडे अशी वार्षिक मोजदाद प्रसिद्ध करण्याची परंपरा नाही. मृत्यू वर्तमानपत्रात येतो, सुखरूप उतरलेल्यांची गणती कोणी ठेवत नाही. अमेरिकेतल्या धावपट्टीचा धोका नारनौलच्या किंवा म्हैसूरच्या धावपट्टीला जसाच्या तसा लावता येत नाही. तेथील सुरक्षितता आकाशाची नाही, जमिनीवरच्या शिस्तीची आहे. टँडम प्रशिक्षक होण्यासाठी तेथे किमान तीन वर्षांचा अनुभव आणि ५०० उड्या लागतात. राखीव पॅराशूट वापरले गेले नाही तरी दर १८० दिवसांनी परवानाधारक कारागिराने उघडून, तपासून, पुन्हा घडी घालून त्यावर सही करायची असते. त्या सहीखाली माणसाचे नाव असते, हे महत्त्वाचे.

येथे मला एक जुनी गोष्ट कबूल केली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात असताना पर्यटन महोत्सवाची नस्ती माझ्यासमोर आली. मैदानात पॅरासेलिंग होणार होते, म्हणजे जीपला दोर बांधून माणसाला पॅराशूटसह वर उचलायचे. नस्तीत पोलीस, अग्निशमन, आरोग्य, सार्वजनिक बांधकाम अशी सहा ना-हरकत पत्रे नीट लावलेली होती. मी सही केली. रविवारी सहकुटुंब मैदानावर गेलो तेव्हा सहज दोराकडे लक्ष गेले. मध्येच तुटलेला दोर गाठ मारून जोडलेला होता. खेळ थांबवून दोर बदलायला लावला आणि घरी येऊन ती नस्ती पुन्हा काढली. सहाही पत्रांतील शेवटचे वाक्य जवळजवळ एकच होते: सर्व जबाबदारी आयोजकांची राहील. सातवे वाक्य माझे होते, तेही तसेच. आम्हा सातजणांपैकी एकानेही दोर पाहिला नव्हता. ना-हरकत याचा अर्थ आम्ही तपासले असा नसतो. आमच्या मार्गात हे येत नाही, एवढाच असतो. पण मैदानावर फलक लागतो "शासनमान्य" असा, आणि रांगेत उभा असलेला माणूस तो फलक वाचून निर्धास्त होतो. त्या दिवशी काही अघटित घडले नाही आणि नस्ती बंद झाली. माझ्या मनात ती अजून उघडीच आहे.

सर्वांच्या बाबतीत असे निभावत नाही. २६ जानेवारी २०१४ रोजी तमिळनाडूत सेलम येथे, बंगळुरात नोकरी करणारी एक तरुणी पहिल्याच उडीत मृत्युमुखी पडली. पतीही उडीसाठी सोबत गेला होता. पॅराशूट उघडले नाही. पोलिसांनी गुन्हा दाखल केला, अटका झाल्या. बैल गेला आणि झोपा केला, हे आपल्या यंत्रणेचे चिरपरिचित चित्र. अगदी अलीकडे, १८ जानेवारी २०२५ रोजी, गोव्यात पेडणे तालुक्यातील केरी येथे पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिचा प्रशिक्षक असे दोघेही दगावले. व्यवसाय परवानगीवाचून चालल्याचे पोलिसांनी नंतर सांगितले. खेळ वेगळा, परंतु प्रश्न तोच. आदल्या दिवशी तेथे जाऊन विचारणारा कोण होता?

हे ऐकल्यावर भाच्याने शीतल महाजन यांचे नाव काढले. मराठी माणसाने या विषयात ते काढणे साहजिकच आहे. पुण्याच्या या मुलीने १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उडी घेतली आणि ती तिच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. पुढे दक्षिण ध्रुव झाला, २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून त्यांनी उडी घेतली, ते छायाचित्र परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत पोहोचले. मलाही त्यांचा अभिमान आहे. पण पहिली उडी ध्रुवावर घेणारी व्यक्ती हा अपवाद असतो. अपवादाला वंदन करावे, त्यावरून नियम बेतू नये. शिवाय त्या अपवादामागे आयुष्य पणाला लावण्याचा निश्चय होता. शनिवार-रविवारला जोडून घेतलेली सोमवारची रजा नव्हती. (हे वाक्य त्याला लागले. मला ते टाळता आले असते.)

मग त्याने दूरध्वनी यंत्रावर देशातल्या पर्यायाचे हमीपत्र उघडून दाखवले. त्यात लिहिले होते की कोणत्याही कारणाने, अगदी आयोजकांच्या हलगर्जीपणाने जरी इजा किंवा मृत्यू झाला, तरी सही करणारा अथवा त्याचे वारस दावा करणार नाहीत. त्याने ते वाचलेच नव्हते, सरळ खाली अंगठा सरकवत गेला होता. अशा कागदाबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, सही केली की सगळे संपले. दुसरा, अशा कागदाला काहीच किंमत नाही. मधली वाट अशी की खेळात मुळातच असलेला धोका माणूस समजून-उमजून पत्करू शकतो. वाऱ्याचा झोत आला, उतरताना घोटा मुरगळला, तर तक्रार कोणाकडे करणार? पण दुसऱ्याच्या बेपर्वाईला आधीच माफी लिहून देणे ही वेगळी गोष्ट. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खालील फौजदारी जबाबदारी कोणत्याही खाजगी कागदाने पुसली जात नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अन्याय्य करार ही संकल्पना आली आहे आणि राज्य आयोगापुढे त्याविरुद्ध दाद मागता येते. पण दाद मागायला कोण राहणार? सांगलीची माझी बहीण बंगळूरला वकील शोधत फिरणार का? अनेक अपघात विमा पॉलिसींत साहसी खेळ स्पष्टपणे वगळलेले असतात, हेही त्याला ठाऊक नव्हते. कर्जाचा हप्ता भरणाऱ्याने आधी ते पाहायला हवे होते.

शासनाने हा खेळच बंद करावा, असे माझे म्हणणे नाही. बंदी हा आळशी प्रशासकाचा आवडता उपाय आहे. बंदीने खेळ थांबत नाही, तो केरीच्या पठारासारखा विनापरवाना होतो. पॅराशूटने उतरण्यावर विमान नियमांत १९३७ पासून बंधने आहेत. मूळचा १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला. जून २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणले. त्यात स्कायडायव्हिंगचा समावेश आहे, शिखरावर भारतीय हवाई क्रीडा महासंघ, त्याखाली प्रत्येक खेळाची संघटना, मग प्रादेशिक किंवा राज्य पातळी आणि शेवटी जिल्हा पातळी अशी चार पायऱ्यांची रचना आहे. आयोजकाने आणि मुख्य साधनांनी संघटनेकडे नोंद करावी, असे ते सांगते. दिशा योग्य आहे. माझी शंका शेवटच्या पायरीबद्दल आहे. जिल्ह्यात जेव्हा अर्ज येतो तेव्हा तहसीलदाराला किंवा पोलीस निरीक्षकाला पॅराशूटमधले काही कळत नाही, आणि कळावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. त्याच्या हाती नोंदणीचा क्रमांक, प्रशिक्षकाच्या परवान्याची मुदत आणि राखीव पॅराशूटच्या शेवटच्या घडीची तारीख एवढ्या तीन गोष्टी पडताळण्याचा कागद असला आणि त्याखाली पडताळणाऱ्याचे नाव असले, तर सात ना-हरकत पत्रांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. अशा कागदासाठी नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक पुरते.

भाच्याला मी नको म्हटले नाही. भीती वाटते का, असेही विचारले नाही. त्याची भीती हा त्याचा खाजगी मामला आहे, आणि १०,००० फुटांवर उघड्या दारात बसल्यावर ती वाटली नाही तर मला उलट काळजी वाटेल. मी त्याला एक कोरा कागद दिला आणि आयोजकाला काय विचारायचे ते त्याच्याकडूनच लिहवून घेतले. उडी टँडम आहे की एकट्याने. पहिल्या खेपेला दुसरे काही असेल तर विषय तेथेच संपला. ज्याच्या छातीशी बांधले जाणार, त्याच्या आजवरच्या उड्या किती आणि परवाना कधीपर्यंत. माणूस ठरावीक उंचीपर्यंत वेगाने पडतच राहिला तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे उपकरण बसवलेले आहे का, आणि त्याची शेवटची देखभाल कधी झाली. राखीव पॅराशूटची घडी कोणी घातली, कोणत्या तारखेला. वारा वाढला आणि उडी रद्द झाली तर पैसे परत मिळतात का. या शेवटच्या प्रश्नावर तो हसला. पण पैसे परत न देणारा आयोजक वाऱ्यातही उडी घ्यायला लावण्याची शक्यता अधिक, हे त्याच्या लगेच लक्षात आले.

बहिणीला मी एवढेच कळवले की चौकशी चालू आहे. सरकारी उत्तर दिलेस, असे ती म्हणाली.

त्यानंतर तीन आठवडे झाले. परदेशातल्या आयोजकाने दुसऱ्याच दिवशी सगळ्या प्रश्नांची उत्तरे पाठवली, उपकरणाच्या देखभालीच्या नोंदीच्या छायाचित्रासह. देशातल्या आयोजकाने उत्तर दिले, प्रशिक्षकाचे कागदही पाठवले, पैसे परत मिळतील असेही लिहिले. फक्त राखीव पॅराशूटच्या घडीची तारीख त्याने कळवलेली नाही. "सर्व साधने आंतरराष्ट्रीय दर्जाची आहेत" असे त्या जागी लिहिले आहे. भाच्याने पुन्हा विचारले आहे. मित्रांनी पैसे भरले, त्याने अजून भरलेले नाहीत.